काळ्या मोटारीचं मागचं दार

डोमाजी मिस्त्रींविषयी लिहायचं तर आधी माझ्या शहाणपणाविषयी लिहावं लागतं, कारण त्या शहाणपणाचं दिवाळं निघालं तेव्हाच त्यांची माझी खरी ओळख झाली. त्याआधी चार वर्षं ते माझी मोटर चालवत होते आणि मी मागच्या सीटवर बसून त्यांची मान पाहत होतो. एवढ्याशा ओळखीवर मी त्यांच्या नोकरीच्या मुळावर उठलो होतो.

गोष्ट एकसष्ट सालची. अमरावतीला कापसाच्या बियाण्याची एक सरकारी कचेरी होती, तिचा मी साहेब. साहेब म्हणजे एक टेबल, एक घंटी, एक हेडक्लार्क, दोन चपराशी आणि एक काळी मोटर. हिवरखेडजवळच्या आमच्या खेड्यात शेतकीचा बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. त्यामुळे जगात जे काही बिघडतं ते का बिघडतं, हे आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. वडिलांची काळी जमीन होती, तिच्यात राबायला वर्षाच्या बोलीवर सालदार होते. ज्याला काम येतं त्याला ते आपण शिकवायचं, ही सवय मला घरातूनच लागलेली.

डोमाजी माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला 'साहेब, तुमी' म्हणायचे. लहानपणी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते सरकीची पोती वाहायला लागले, मग मशीनला तेल द्यायला, आणि पुढे मालकाच्या मोटारीखाली सरपटत जाऊन मोटर शिकले. छप्पन साली ते आणि त्यांच्या भागीरथाबाई बौद्ध झाले. आमच्याकडे ते ड्रायव्हरही होते आणि मिस्त्रीही, पण सात वर्षं 'तात्पुरते'. दर मार्चात त्यांना आणखी एका वर्षाचा हुकूम यायचा आणि दर फेब्रुवारीत त्यांची झोप उडायची. त्या वर्षी मात्र त्यांना कायम करण्याचा कागद नागपूरच्या मोठ्या कचेरीत सहीपर्यंत पोचला होता. त्यांची ललिता आठवीत होती. बाप कायम झाला तर पोरीला मॅट्रिकपर्यंत शिकवायचं, नाही तर बिऱ्हाड गुंडाळून परत अकोल्याला जिनिंगमध्ये, असं त्यांच्या घरी ठरलेलं होतं.

मोटर मात्र राजेशाही होती. परदेशी, एका जिनवाल्याने वापरून वापरून सरकारच्या गळ्यात मारलेली, आणि तिच्या छताला आतून एक दिवा होता. दार उघडलं की तो आपोआप लागायचा, दार लावलं की विझायचा. दाराच्या खांबात करंगळीच्या टोकाएवढं एक बटण होतं. दार घट्ट बसलं की ते दाबलं जायचं, दार सुटलं की वर यायचं, एवढंच त्यातलं गुपित. पण कोणत्याही खेड्यात गेलं की बियाण्यापेक्षा या दिव्याचीच चौकशी जास्त व्हायची. मीही खाली उतरून पाच-पाच वेळा दार उघडून दाखवायचो. दिवा जसा काही मीच शोधून काढला होता.

एकदा हिवरखेडला मोतीराम नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला गाठलं.

"दार लावल्यावर हा लाइट इझते, हे कायच्यावरून?"

"काचेतून पाहून घ्या ना बुवा," मी म्हणालो.

त्याने काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं. "हाव, इझला खरा. पन हे आपुन पाहून राहिलो तवाचं झालं. आपुन निंघून गेल्यावर?"

लोक हसले. सगळ्यांत जोरात मी हसलो. वर इंग्रजी चौथीच्या मुलाला सांगावं तसं त्या म्हाताऱ्याला मी पाच मिनिटं वीज समजावून दिली.

आता माझ्या शोधाकडे येतो. दिवाळी झाली, कापसाच्या बैलबंड्या रस्त्याला लागल्या की आमच्याकडची धूळ अशी उडायची की अमरावतीहून निघालेला गोरा माणूस दर्यापूरला काळा उतरायचा. मोटारीच्या मागच्या दाराचं रबर झिजलं होतं आणि धूळ नेमकी तिथून माझ्या अंगावर यायची. नवं रबर मागवायचं तर थेट मुंबईपर्यंत कागद पाठवावे लागले असते. मी विचार केला, कापसाच्या मुलखात राहून रबराच्या मागे कोण लागतो? बोटभर जाडीची कापडी पट्टी शिवायची, तिच्यात कापूस दाटून भरायचा, रजईसारखे टाके घालायचे आणि ती दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी सरसाने चिकटवून वर बारीक चुका ठोकायच्या. धुळीचा बंदोबस्त झाला.

शिवायचं काम अर्थात माझ्या बायकोकडे गेलं. वच्छलाने पट्टी हातात दाबून पाहिली.

"एवढा कापूस दाटून भरला तर दार लागन काय?"

"कापूस दबतो," मी म्हणालो.

"दबते अन् फुगते बी. रजई उन्हात टाकली का कशी टम्म होते, पाह्यलं नाई काय कधी?"

मी पाहिलं होतं. पण रजई हा घरातला विषय आणि मोटर हा शास्त्राचा, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी सांगितल्याप्रमाणे डोमाजींनी पट्टी बसवली, दोनदा दार लावून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी इतका खूश दिसत असलो पाहिजे की ते नुसतं म्हणाले, "धूळ नाई येनार साहेब."

आणि खरोखरच धूळ आली नाही. दोन आठवडे मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी मोटारीकडे नेलं, मग चहा दिला. मोझरीच्या आश्रमात सामुदायिक प्रार्थनेला गेलो तेव्हा तिथल्या दोघा-तिघांनाही मी प्रार्थनेआधी पट्टी दाखवून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी सकाळी मोटर उठेना. बॅटरी पार उतरलेली. दोन्ही चपराशी, हेडक्लार्क आणि बियाणं न्यायला आलेले चार शेतकरी यांनी धक्का मारला तेव्हा ती सुरू झाली. पुढच्या सोमवारी तेच. मग मधल्या वारीही अधूनमधून तेच. मी बॅटरीत पाणी घालायला लावलं, तारा घासायला लावल्या, डायनामो उघडायला लावला. माझ्या डोक्यात दर दिवशी नवा सिद्धांत उगवायचा आणि डोमाजी दर दिवशी तो गुमान निस्तरायचे. डायनामो चांगला होता. तारा चांगल्या होत्या. संध्याकाळी मोटर शेडात ठेवताना आतला दिवा विझलेला असायचा, हे ते स्वतः पाहून मग घरी जायचे.

त्यातच धामणगावचा प्रसंग घडला. स्टेशनजवळच्या वळणावर बंड्यांची रांग लागली होती, म्हणून डोमाजींनी गाडी बाजूने वळवली. मी दाराला टेकून पेंगत होतो. दार सताड उघडलं आणि कापूस उत्पादनवाढीचा जिल्ह्यातला मुख्य आधार धुळीत जाऊन बसला. गाडी अगदी हळू होती म्हणून हाडं शाबूत राहिली. बंडीवाल्यांनी मला उचललं, झटकलं, आणि एकाने आपुलकीने विचारलं, "साहेब, इथंच उतराचं होतं काय?"

"तू दार नीट लावत नाहीस!" मी डोमाजींवर ओरडलो.

"साहेब, दार पुरं बसून नाई राहिलं. मले वाटते ते पट्टी..."

"पट्टीचं नाव काढू नको! जोराने लाव म्हणजे बसेल."

त्यानंतर त्यांनी पट्टीचं नाव काढलं नाही. दार मात्र जोराने लावू लागले. इतक्या जोराने की कचेरीच्या खिडक्या वाजायच्या.

बॅटरीचं कोडं सुटेना. मग हेडक्लार्क एक दिवस माझ्या टेबलाजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, गाडी चालल्याबिगर बॅटरी कशी उतरन? आपल्या मागं कोठं जात तर नसन? गेल्या रविवारी बडनेऱ्याले त्याइच्या समाजात लग्न होतं म्हने."

'म्हणे' एवढाच पुरावा. पण मला तो पुरला. गाडी चालली की बॅटरी उतरत नाही, उलट भरते, हे त्या शेतकीच्या बी.एस्सी.ला तेव्हा आठवलं नाही. मी मैलांचा आकडा तपासला, तो शनिवारी होता तेवढाच सोमवारी होता. यावर कोणीही म्हटलं असतं की गाडी हललीच नाही. मी म्हटलं, डोमाजी मिस्त्री आहेत, त्यांनी मीटरची तार काढून ठेवली असणार. संशय घ्यायचाच ठरवलं की मीटरसुद्धा चोराचा साथीदार होतो.

आणि इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवली तर बाकी सगळं सांगण्यात अर्थ नाही. तेच लग्न आमच्या नात्यात असतं आणि ड्रायव्हर आमच्या नात्यातला असता, तर मी एवढ्या लवकर विश्वास ठेवला नसता. सामुदायिक प्रार्थनेत सगळ्यांच्या शेजारी मांडी घालून बसणारा, समतेवर भाषण करून टाळ्या घेणारा मी. पण 'त्याइच्या समाजात' हे दोन शब्द ऐकले आणि माझं डोकं बंडीच्या बैलासारखं नेहमीच्या चाकोरीत गेलं.

मी नागपूरला पत्र लिहिलं. 'सरकारी वाहनाचा सुट्टीच्या दिवशी गैरवापर होत असल्याचा दाट संशय येतो.' लिहून झाल्यावर वाचून पाहिलं, मला भाषा आवडली.

आठ दिवसांत नागपूरहून उत्तर आलं. डोमाजींना कायम करण्याचा हुकूम थांबवला होता आणि पंधरा दिवसांत खुलासा मागितला होता. कागद हेडक्लार्कने त्यांना वाचून दाखवला. ते माझ्या खोलीत आले, दाराशी उभे राहिले.

"साहेब, म्या गाडी नेली म्हून तुमी लेहलं?"

"संशय म्हणून लिहिलं."

"मले इचारलं असतं तं..." एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "सात वर्सं झाले साहेब. माह्या पोरीले बी या गाडीत म्या बसू नाई देल्लं."

ते गेले आणि मी फाइल उघडून बसलो, पण काही वाचलं नाही. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तसा तो नव्हता, आणि पहिल्यांदा मनात आलं की हा माणूस खरं बोलत असला तर? मग दुसऱ्या दमात माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला आणि म्हणाला, प्रत्यक्ष पाहू या. गाडी बहुतेक सोमवारी मेलेली सापडते, म्हणजे जे काही होतं ते रविवारी होतं. रविवारी दुपारी आपण स्वतः शेडात दबा धरून बसायचं.

शेड म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं टिनाचं गोदाम. खिडकी एकही नाही, भर दुपारी आत अंधार. जानेवारी होता, म्हणून मी मफलर गुंडाळला आणि वर डोक्यावरून घोंगडी घेतली. थंडीचं निमित्त होतं, खरं तर मला त्या वेशात गुप्त पोलिसासारखं वाटत होतं. माझ्याकडच्या किल्लीने कुलूप काढलं, आत शिरलो, शेडाचं दार ओढून घेतलं, मोटारीत मागे बसलो आणि दार धाडकन लावलं. दिवा विझला. मी सीटवर आडवा झालो आणि चोराची वाट पाहू लागलो. रविवारी दुपारी पुरणाचं जेवण करून आडव्या झालेल्या माणसाने वाट पाहावी तशीच पाहिली. पाच मिनिटांत घोरू लागलो.

मला जाग आली ती 'टक्' अशा आवाजाने. डोळे उघडले तर छतातला दिवा लखलखत होता. मी घोंगडीसकट ताडकन उठून बसलो, आणि त्याच क्षणी बारदानाच्या ढिगामागून एक माणूस हातात मोटारीचं लोखंडी हॅन्डल घेऊन माझ्यावर धावून आला.

"कोन हाये रे भाड्या! निंघ बाहीर!"

"मी आहे! मी साहेब!"

"चूप! साहेब घरी झोपले हायेत!"

"डोमाजी, अरे मीच तो!" म्हणून मी घोंगडी काढली. डोमाजींनी हॅन्डल खाली केलं. शेडाच्या मागचं एक टिन सैल होतं. त्यातून कोणी तरी आत शिरून गाडीचं दार उघडून ठेवतं आणि आपल्याला फसवतं, असा डोमाजींचा तर्क होता. म्हणून तेही सकाळपासून त्याच टिनातून आत शिरून चोर धरायला बसले होते, आणि मी आलो तेव्हा माझ्यासारखेच झोपले होते. साहेबाने चोर धरायला यावं, ड्रायव्हरने चोर धरायला यावं, आणि शेडात दोघांशिवाय कोणी नसावं.

"साहेब," डोमाजी दिव्याकडे बघत म्हणाले, "दार तुमी उघडलं?"

"नाही. मी तर झोपलो होतो."

"म्या बी नाई. मंग लाइट कोनं लावला?"

मला मोतीराम आठवला. 'आपुन निंघून गेल्यावर?' त्या म्हाताऱ्याने वीज न शिकता जे विचारलं होतं, ते मला वीज शिकून सुचलं नव्हतं.

डोमाजींनी दार पुन्हा जोराने लावलं. दिवा विझला. "आता बसा साहेब. पाहू." आम्ही बारदानावर बसून त्या अंधाऱ्या मोटारीकडे बघत राहिलो. त्यांनी फडक्यातली ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा काढला, जरा घुटमळले, मग म्हणाले, "तुमी खासान काय?" चार वर्षं रोज एका गाडीत होतो, शेकडो गावं फिरलो, दौऱ्यात मी पाटलाकडे जेवायचो आणि ते गाडीजवळ. आज पहिल्यांदाच एका फडक्यातून खाल्लं. पुरण पोटात असूनही मी भाकर मागून घेतली, आणि ठेच्याने डोळ्यांत आलेल्या पाण्याची मला सोय झाली.

अर्ध्या तासाने पुन्हा 'टक्'. दार कोणीही हात न लावता जरासं सुटलं आणि दिवा लागला.

मग मी चार वर्षांत पहिल्यांदा डोमाजींना काम करताना गप्प बसून पाहिलं. दाराच्या कडेला एक लोखंडी जीभ असते, ती खांबातल्या खाचेत अडकते. खाचा दोन. पहिलीत दार नुसतं टेकतं, दुसरीत घट्ट बसतं. डोमाजींनी कंदिलाच्या काचेची काजळी बोटावर घेतली, जिभेला लावली, दार लावून लगेच उघडलं. काजळीचा डाग दुसऱ्या खाचेच्या फक्त ओठाला लागला होता. मग त्यांनी जिभेवर अंगठा फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. टोक झिजून गोल झालं होतं. शेवटी त्यांनी वर्तमानपत्राचा एक पट्टा दारात धरला, दार लावलं आणि पट्टा ओढून पाहिला. तो फाटला, पण निघाला नाही. दार पट्टीवर एवढं दाटून बसलं होतं.

ते माझ्याकडे वळले. "आता पट्टीचं नाव काढू काय साहेब?"

"काढ," मी म्हणालो.

"जोरानं लावलं का जीभ दुसऱ्या खाचीत कशीबशी जाते. लाइट इझते. आपुन पाहतो, घरी जातो. पन आत कापूस दबून बसला हाये, थो फुगाले पाहते. हयूहयू दाराले भाईर लोटते. जीभ गोल झाली, ते घसरते अन् पहिल्या खाचीत येते. बटन वर येते, लाइट लागते. रविवारभर जयत राहते. सोमवारी बॅटरी खलास. धामनगावले तुमी पडले, थे बी ह्याच्यानंच."

'दबते अन् फुगते बी.' वच्छलाने ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे माझी बायको, हिवरखेडचा मोतीराम आणि माझा ड्रायव्हर या तिघांनी मिळून सगळा बिघाड आधीच सांगून ठेवला होता. एकट्या शास्त्रज्ञाला तो सापडत नव्हता.

"मला आधी का नाही सांगितलंस?" हे मी विचारलंच. मूर्खपणा असा एका दिवसात जात नाही.

"धामनगावले सांगू राहिलो होतो साहेब. तुमी म्हनलं, नाव काढू नको. अन् बाईसाहेबायनं शिवली, तुमी समद्या पाव्हन्यायले दाखवून राहिले होते. तात्पुरत्या मानसानं किती बोलावं?"

चुका उपटून आम्ही पट्टी काढली. डोमाजींनी जीभ सोडवून नेली, झिजलेल्या टोकावर पितळ वितळवून भर दिली आणि कानशीने धार केली. दुसऱ्या सोमवारी मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आता उरलं नागपूरचं पत्र. माझी मोठ्या जागेवर जायची वेळ त्याच वर्षी होती, आणि सरकारी मोटारीला बिनपरवाना रजई शिवली असं लिहून देणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. मी मसुदे लिहिले. 'काही तांत्रिक कारणाने.' 'वाहनाच्या जुनेपणामुळे.' 'हवामानाच्या परिणामाने.' शेवटी एक असं सुंदर इंग्रजी पत्र तयार झालं की त्यात डोमाजी निर्दोष होते, मी निर्दोष होतो, आणि दोष कोणाचा हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. हेडक्लार्कने माझी पाठ थोपटायचीच बाकी ठेवली. मी डोमाजींना बोलावून पत्राचा अर्थ मराठीत सांगितला, जरा उपकार केल्यासारखाच.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, यातून माहं नाव काहाडलं. पन कोनाचं लावलं नाई. बिनमालकाचा दोष असा सुटा राहिला का थो फिरून फिरून माह्याच घरी येते. आजवर तसंच झालं."

मला राग आला, आधी त्यांचा, मग माझा. दिवसभर मी त्या कागदाभोवती फिरलो. संध्याकाळी घरी वच्छलाला सांगितलं. ती म्हणाली, "माही पट्टी होती असं बी लेहा वाटल्यास. पन कोनाचं तरी लेहा." तेव्हा मला खरी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं, एक इंग्रजीत नागपूरसाठी आणि डोमाजींनी मागितलं म्हणून एक मराठीत, सहीशिक्क्यानिशी. त्यात मोजून चार वाक्यं होती. उत्तर आलं ते माझ्या अपेक्षेइतकं प्रेमळ नव्हतं. माझ्या शेऱ्यांच्या वहीत 'निर्णयशक्ती कमी' असं नोंदवलं गेलं आणि माझी बढती तीन वर्षं लांबली. डोमाजी जूनमध्ये कायम झाले. त्या दिवसापासून मी त्यांना 'तुमी' म्हणू लागलो. सुरुवातीला त्यांनाच ते अवघड गेलं. 'तुमी' म्हटलं की मागे कोणी उभं आहे का ते वळून बघायचे.

चौसष्ट साली ललिता मॅट्रिक पास झाली. डोमाजींनी मला आणि वच्छलाला घरी बोलावलं. सात वर्षं ज्याच्या मानेमागे बसलो, त्याचं घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेणाने सारवलेली एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात ललिताची पुस्तकं. आत शिरताना उंबऱ्याशी पायाला काही मऊ लागलं. खाली बघितलं तर दाराच्या खालच्या फटीला माझी कापसाची पट्टी ठोकलेली.

"धूळ बिलकुल येत नाई साहेब," डोमाजी म्हणाले. "अन् ह्या दाराले लाइट नाई, तं बॅटरी उतराची भीती बी नाई." वच्छला हसता हसता खाली बसली. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर एवढं हसून घेतलं नव्हतं.

चहा झाला. भागीरथाबाईंनी टिनाची पेटी उघडून ललिताचा निकाल दाखवला. त्याखाली घडी घालून ठेवलेला आणखी एक कागद होता, कडांना खळ लावून जाड कागदावर डकवलेला. शिक्का माझ्या कचेरीचा होता.

"मले वाचता येत नोतं," त्या म्हणाल्या. "हे पत्र घरी आलं तवा म्या ललिताले म्हनलं, मले हेच वाचाले शिकव. दुसरं कायले पायजे?"

त्यांनी कागद मांडीवर ठेवला, अक्षराखाली बोट धरलं आणि एकेक शब्द लावत वाचू लागल्या. मला उठून जावंसं वाटत होतं, पण वच्छलाने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

"श्री. डो-मा-जी यां-चा या-त का-ही-ही दोष ना-ही. दा-राला का-पूस-पट्टी मी लाव-ली. मला सां-गि-त-लं अस-ता-ना मी ऐक-लं नाही. चूक माझी आहे."

'चूक माझी आहे' हे मात्र त्यांनी न अडखळता, कागदाकडे न बघता म्हटलं.

साहेब म्हणून मी हजारो पत्रं लिहिली. त्यांना कुठल्या तरी कपाटात वाळवी खात असेल. भाषेची मला फार हौस होती, आणि माझं जे एकच पत्र कोणी जपलं, पाठ केलं, ज्याच्यावर एक बाई वाचायला शिकली, त्यात मी किती मूर्ख होतो एवढंच लिहिलेलं होतं.

भागीरथाबाईंनी मान वर करून मला विचारलं, "बराबर वाचलं ना साहेब?"

"बराबर वाचलं," मी म्हणालो. "शेवटचं एकदा पुन्हा वाचा."